‘झेपेलिनचा शोध कोणी लावला?’ – प्रश्न एवढ्यावर संपवू नका



‘झेपेलिनचा शोध कोणी लावला?’ हा प्रश्न तुम्ही कुठल्या ना कुठल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाहिलाच असेल. खाली चार पर्याय. उत्तर : काउंट फर्डिनांड फॉन झेपेलिन, देश जर्मनी, पहिलं उड्डाण १९००. मुलं पाठ करतात, गुण मिळतो, पान उलटतं. पुढे वरच्या वर्गात पहिलं महायुद्ध येतं तेव्हा रणगाडे, पाणबुड्या, विषारी वायू, विमानं अशी एक यादी येते. त्या यादीत झेपेलिन आलं तर आलं, नाही तर नाही.

माझं म्हणणं असं आहे की या दोन धड्यांच्या मधली जी अठरा वर्षं आहेत, नेमकी तीच शिकवायची राहून जातात. लोकांनी स्वतःच्या खिशातले पैसे घालून वाढवलेली एक सुंदर वस्तू पुढे झोपलेल्या माणसांवर बॉम्ब टाकायला लागली. आणि ती तिथपर्यंत जाताना प्रत्येक पावलाला कुणाकडे ना कुणाकडे पटण्यासारखं कारण होतं. हे मुलांना सांगायला हवं. आजकाल आपल्या वर्गातली मुलं मोबाईलवर ड्रोनहल्ल्यांचे व्हिडिओ बघतात, तेही मागे गाणं लावलेले. ‘लहान मुलांना कशाला युद्धाच्या गोष्टी?’ असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर असतं की युद्ध त्यांच्यापर्यंत आधीच पोचलंय. फक्त ते आपल्याकडून पोचलेलं नाही.

आधी थोडी माहिती बघू. झेपेलिन म्हणजे मोठा फुगा, असं आपण सांगून मोकळे होतो. तसं ते नाही. झेपेलिन ही वायुनौका. तिला धातूच्या हलक्या पट्ट्यांचा लांबलचक सांगाडा असायचा, त्यावर कापडाचं आवरण, आणि आत एका ओळीत हायड्रोजन भरलेल्या कितीतरी वेगवेगळ्या पिशव्या. खाली माणसं बसायची जागा आणि इंजिनं. २ जुलै १९०० रोजी बोडनसे नावाच्या मोठ्या सरोवरावर पहिली वायुनौका उडाली, ती १२८ मीटर लांब होती. शाळेच्या मैदानावर पावलं टाकून मुलांना तेवढं अंतर चालायला लावा, मग त्यांचे चेहरे बघा.

मी हे सहावीच्या मुलांना सांगत होते तेव्हा एकाने लगेच विचारलं, ‘बाई, त्याला भोक पडलं तर?’ जत्रेतल्या गॅसच्या फुग्याचा अनुभव गाठीशी होता ना! प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. भोक पडून झेपेलिनला फारसं काही व्हायचं नाही. एका पिशवीतला गॅस हळूहळू जायचा, बाकीच्या पिशव्या तोलून धरायच्या. साध्या बंदुकीच्या गोळ्या तर आरपार निघून जायच्या. भीती होती ती आगीची. हायड्रोजन हवेत मिसळला आणि ठिणगी पडली की संपलं. या पिशव्या गुरांच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्याच्या असत, कारण त्यातून गॅस झिरपत नसे. एका मोठ्या वायुनौकेला सुमारे अडीच लाख गुरांची आतडी लागत. म्हणून युद्धाच्या काळात जर्मनीत सॉसेज करण्यावर बंधनं आली, कारण सॉसेजचं आवरणही आतड्याचंच. हे ऐकल्यावर अख्ख्या वर्गाने ‘ईऽऽ’ केलं. पण लक्षात मात्र तेवढंच राहिलं, हेही खरं.

आता १९०८ साल. माझ्या मते या साऱ्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं साल हेच, आणि ते कुठल्याही प्रश्नपेढीत नसतं. काउंट झेपेलिन तेव्हा सत्तर वर्षांचे. घरचा पैसा संपलेला. त्यांची चौथी वायुनौका लांब पल्ल्याच्या उड्डाणाला निघाली होती. ती लष्कराने विकत घ्यावी म्हणून चोवीस तास उडून दाखवायचं होतं. ५ ऑगस्टला इंजिनाच्या बिघाडामुळे ती स्टुटगार्टजवळच्या एष्टरडिंगेन इथे उतरवावी लागली. बघायला हजारो लोक जमले. तेवढ्यात वादळी वारा सुटला, दोर तुटले, वायुनौका उचलली गेली आणि पेटून राख झाली. म्हाताऱ्या काउंटच्या डोळ्यांसमोर सगळं संपलं असंच वाटलं असेल.

पण झालं उलटंच. जमलेल्या लोकांनी तिथल्या तिथे पैसे काढून द्यायला सुरुवात केली. मग देशभरातून पैसे यायला लागले. कामगार, दुकानदार, शाळेतली मुलं, कुणीच मागे राहिलं नाही. बघता बघता ६० लाख मार्कांहून जास्त रक्कम उभी राहिली. सरकारने सांगितलं नव्हतं, सक्ती नव्हती. त्या पैशातून झेपेलिन कंपनी उभी राहिली. आपल्याकडे गावाने वर्गणी काढून शाळेची खोली बांधावी, तसंच काहीसं, फक्त देशाच्या पातळीवर. जर्मन माणसाला झेपेलिन ‘आपलं’ वाटायला लागलं ते इथून.

पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, डेलाग नावाची कंपनी निघाली. वायुनौकांतून प्रवासी नेणारी ही जगातली पहिली हवाई वाहतूक कंपनी. खिडकीशी बसून, खातपीत खालची शेतं आणि नद्या बघायच्या. १९१४ पर्यंत हजारो लोकांनी असा प्रवास केला आणि एकाही प्रवाशाचा जीव गेला नाही. मात्र याच प्रवासी वायुनौकांवर सैन्यातल्या माणसांचं प्रशिक्षणही चालू होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि खरं सांगायचं तर काउंट स्वतः घोडदळातून निवृत्त झालेले सेनाधिकारी होते. त्यांना पहिल्यापासून हे यंत्र लष्करासाठीच हवं होतं. वर्गणी देणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर मात्र आकाशात तरंगणारं चांदीचं जहाज होतं.

जर्मनीत वायुनौकांची पथकं दोन होती. एक भूदलाचं, एक नौदलाचं. दोघांचं एकमेकांशी फारसं पटायचं नाही. नौदलाचं पथक १९१२ चं. त्याची सुरुवातच वाईट झाली. सप्टेंबर १९१३ मध्ये पहिली वायुनौका वादळात उत्तर समुद्रात पडली. त्यात १४ जण गेले, पथकाचा प्रमुखही गेला. पुढच्याच महिन्यात दुसरी बर्लिनजवळ हवेत पेटली आणि आतले सगळे, २८ जण, मेले. युद्ध अजून सुरूही झालं नव्हतं. पथकाची सूत्रं आता पेटर श्ट्रासर नावाच्या अधिकाऱ्याकडे आली. वय सदतीस, शिस्तीचा कडक, आणि वायुनौकेवर त्याचा विश्वास असा की तिच्याविरुद्ध काही ऐकूनच घ्यायचा नाही. हे नाव लक्षात ठेवा.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि भूदलाने लगेच वायुनौका आघाडीवर धाडल्या. ६ ऑगस्टला बेल्जियममधल्या लिएजवर पहिला हल्ला झाला. ती वायुनौका इतकी खाली उडत होती की गोळ्यांनी चाळण झाली आणि परतताना जर्मनीतच कोसळली. महिना संपायच्या आत भूदलाने आणखी काही गमावल्या. दिवसाउजेडी, कमी उंचीवरून, दीडशे मीटर लांबीची वस्तू सैनिकांच्या डोक्यावरून न्यायची म्हणजे काय होणार! नौदलाने त्यापेक्षा शहाणपणाचं काम केलं. त्यांनी वायुनौका समुद्रावर टेहळणीला वापरल्या. कुठे पाणसुरुंग आहेत, शत्रूची जहाजं कुठे आहेत, हे वरून बघायचं. हे काम त्या बऱ्यापैकी करत. तेवढंच करत राहिल्या असत्या तर आज हा लेख लिहायचं कारण नव्हतं.

आता जरा सावकाश वाचा, कारण माझा मुद्दा इथे आहे.

१८९९ च्या हेग परिषदेत फुग्यांतून स्फोटकं टाकायला पाच वर्षांची बंदी घातली गेली होती. १९०७ मध्ये ती पुढे वाढवायची वेळ आली तेव्हा जर्मनीने सही केली नाही. फ्रान्स आणि रशियानेही केली नाही, म्हणजे एकट्या जर्मनीला बोल लावता येत नाही. युद्ध सुरू झाल्यावर नौदलातले अधिकारी इंग्लंडवर बॉम्ब टाकायची परवानगी मागू लागले. कैसर विल्हेल्म आधी कचरला. इंग्लंडचा राजा त्याचा सख्खा आतेमामेभाऊ. मग जानेवारी १९१५ मध्ये त्याने होकार दिला, पण अटी घालून : फक्त गोदी, शस्त्रांचे कारखाने, लष्करी ठिकाणं, आणि लंडन नाही. काही आठवड्यांत अट बदलली, लंडनची गोदी चालेल. मे महिन्यात पुन्हा बदलली, लंडनचा पूर्व भाग, टॉवर ऑफ लंडनच्या पलीकडचा, चालेल. पूर्व भाग म्हणजे गोदी कामगारांची दाट वस्ती. जुलैमध्ये सगळं लंडनच चालेल, फक्त राजवाडे आणि ऐतिहासिक इमारती सोडा. सहा महिन्यांत एवढा प्रवास. यातलं कुठलंही एक पाऊल घ्या, ते आधीच्यापेक्षा फार मोठं नाही. पहिलं आणि शेवटचं शेजारी ठेवा, मग कळतं.

आणि ‘फक्त लष्करी ठिकाणं’ या शब्दांना आकाशात किती अर्थ होता, तेही बघा. हल्ले रात्री व्हायचे, तेही चांदणं नसलेल्या रात्री. खाली दिवे मालवलेले. वारा वायुनौकेला कुठे ढकलतोय ते आतल्या माणसांना नीट कळायचं नाही. रेडिओवरून दिशा मिळायची, पण तीही ढोबळ. पहिला हल्ला १९ जानेवारी १९१५ च्या रात्री झाला. तीन वायुनौका इंग्लंडकडे निघाल्या. एक इंजिन बिघडून परतली, तिच्यात खुद्द श्ट्रासर होता. उरलेल्या दोन वाऱ्याने दक्षिणेला वाहवल्या आणि नॉरफोकच्या किनाऱ्यावर, ग्रेट यारमथ आणि किंग्ज लिन या गावांवर, त्यांनी बॉम्ब टाकले. चार माणसं मेली. एक चांभारकाम करणारा, एक बहात्तर वर्षांची म्हातारी, एक चौदा वर्षांचा मुलगा, आणि एक सव्वीस वर्षांची बाई, जिचा नवरा आधीच फ्रान्समध्ये लढताना मारला गेला होता. अहवालात मात्र तटबंदी असलेल्या ठिकाणांवर यशस्वी हल्ला. महिन्याभरात त्या दोन्ही वायुनौका डेन्मार्कच्या किनाऱ्यावर वादळात गेल्या, ते वेगळंच.

३१ मे १९१५ च्या रात्री लंडनवर पहिले बॉम्ब पडले. सात जण मेले, त्यांत लहान मुलं होती. इंग्लंडची वर्तमानपत्रं या पथकाला बालहत्यारे म्हणू लागली. जर्मनीत मात्र शाळकरी मुलं झेपेलिनने इंग्लंडला जावं म्हणून गाणं म्हणत होती. सात वर्षांपूर्वी वर्गणी देणाऱ्या मुलांची ही धाकटी भावंडं. इकडे इंग्लंडने सैन्यभरतीच्या भित्तिचित्रावर लंडनच्या आकाशात वायुनौका काढली आणि सांगितलं, घरी बॉम्बने मरण्यापेक्षा आघाडीवर जा. म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र, दोन्हीकडे युद्धाच्या कामाला.

सव्वा वर्ष या वायुनौकांना कुणी फारसं रोखू शकलं नाही. त्या खूप उंच जायच्या, विमानांना तिथे पोचायलाच पाऊण-एक तास लागायचा, आणि गोळ्या लागूनही उपयोग नव्हता. याला पहिला अपवाद वॉर्नफर्ड नावाचा तरुण वैमानिक. त्याने जून १९१५ मध्ये बेल्जियममधल्या गेंटवर एका वायुनौकेच्या वर जाऊन बॉम्ब टाकला आणि ती पेटवली. मग इंग्लंडने स्फोटक आणि आग लावणाऱ्या गोळ्या एकत्र वापरायला सुरुवात केली. स्फोटक गोळीने पिशवी फाडायची, गॅस हवेत मिसळू द्यायचा, मग दुसऱ्या गोळीने पेटवायचा. वर्गातल्या त्या मुलाच्या ‘भोक पडलं तर?’ या प्रश्नाचं हे पूर्ण उत्तर.

२ सप्टेंबर १९१६ च्या रात्री युद्धातला सगळ्यात मोठा वायुनौकांचा ताफा आला, एकूण सोळा. लेफ्टनंट लीफ रॉबिन्सन याने लंडनच्या उत्तरेला त्यांतली एक पेटवली. ती भूदलाची होती, धातूऐवजी लाकडी सांगाड्याची. तुम्हाला गंमत वाटेल, हा रॉबिन्सन जन्मला आपल्या शेजारच्या कर्नाटकात, कोडगूच्या कॉफीमळ्यात, आणि वर सांगितलेला वॉर्नफर्ड दार्जिलिंगला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सामान्यज्ञानाचा प्रश्न काढायचाच असेल तर हा काढा.

त्या रात्री पेटलेली वायुनौका कित्येक मैलांवरून दिसली. लाखो लोक रस्त्यावर, गच्चीवर आले. टाळ्या, आरोळ्या, गाणी. रेल्वेच्या इंजिनांनी शिट्ट्या वाजवल्या. वर सोळा माणसं जळत होती. दुसऱ्या दिवशी हजारो लोक अवशेष बघायला गेले. त्यातल्या तारांचे तुकडे पुढे रेडक्रॉसच्या मदतीसाठी आठवण म्हणून विकले गेले. मी त्या लोकांना नावं ठेवत नाही. दीड वर्ष ज्यांची मुलं रात्री जिन्याखाली झोपली, ते टाळ्या वाजवणारच. पण मुलांना हे सांगताना मी टाळ्यांचा भाग गाळत नाही. हल्ला करणाऱ्याला युद्ध कठोर करतं हे सगळेच सांगतात. ज्याच्यावर हल्ला होतो त्यालाही ते कसं बदलतं, हे या रात्रीत दिसतं.

त्यानंतर पारडं फिरलं. तीन आठवड्यांनी एका रात्रीत दोन वायुनौका गेल्या. एक पेटली, दुसरी एसेक्समध्ये शेतात उतरली. तिच्या लोकांनी ती स्वतःच जाळली आणि रस्त्याने चालत जाताना गावातल्या शिपायाच्या हाती लागले. जवळपास त्याच रात्री जन्मलेल्या एका मुलीचं नाव झेपेलिना ठेवलं गेलं म्हणे! मग १ ऑक्टोबरला हाइनरिख माथी. हा पथकातला सगळ्यात नावाजलेला कप्तान. आदल्या वर्षी लंडनमध्ये सगळ्यात जास्त नुकसान यानेच केलं होतं. त्याची वायुनौका पॉटर्स बारजवळ पेटली. जळून मरण्यापेक्षा त्याने खाली उडी मारली. वय तेहतीस. माझ्याच वयाचा म्हणा ना.

यानंतर कुणीही विचारलं असतं की आता बास का नाही? भूदलाने विचारलं आणि १९१७ मध्ये आपलं वायुनौकांचं काम बंद केलं. श्ट्रासरने नाही विचारलं. त्याने आणखी उंच जायचं ठरवलं. वायुनौका हलक्या केल्या आणि पाच-सहा हजार मीटरवर नेल्या. तिथे विमानं पोचत नव्हती हे खरं, पण माणसंही तिथली नव्हती. थंडी शून्याखाली तीस अंश, प्राणवायू अपुरा, डोकेदुखी, उलट्या. आणि एवढ्या उंचीवरून खालचं काय दिसणार? १९ ऑक्टोबर १९१७ ला अकरा वायुनौका निघाल्या. वर जोराचा उत्तरेचा वारा आहे हे कुणाला माहीत नव्हतं. त्या फ्रान्सवर वाहवत गेल्या. पाच परतल्या नाहीत. त्यांतली एक जमिनीवर आपटून तिची खालची पुढची माणसं बसायची जागा तुटली, आणि मागच्या भागात अडकलेल्या काही माणसांना घेऊन ती पुन्हा वर गेली. शेवटचं दर्शन भूमध्य समुद्राकडे. पुढे तिचा काहीच पत्ता लागला नाही.

श्ट्रासरच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर धडा एकतर्फी होईल. वायुनौकांमुळे इंग्लंडला सतरा हजारांहून जास्त माणसं आणि विमानांच्या डझनभर तुकड्या घरीच ठेवाव्या लागल्या. रात्री दिवे मालवल्यावर कारखाने थांबायचे. हे नुकसान खरंच होतं. पण संपूर्ण युद्धात सगळ्या वायुनौकांच्या हल्ल्यांत इंग्लंडमध्ये ५५७ माणसं मेली, १,३५८ जखमी झाली. सोमच्या लढाईच्या फक्त पहिल्या दिवशी एकोणीस हजारांवर ब्रिटिश सैनिक मेले होते. म्हणजे वायुनौकांनी इंग्लंडला गुडघे टेकायला लावण्याची गोष्ट कधी शक्यच नव्हती. उलट युद्धकाळात बांधलेल्या ऐंशीहून जास्त झेपेलिनपैकी साठावर गेल्या. साधारण निम्म्या शत्रूच्या हातून आणि निम्म्या वारा, वादळ, अपघात यांमुळे.

मग काही जण म्हणतात, फसलेला प्रयोग, सोडून द्या. मला हे अजिबात पटत नाही. यंत्र फसलं, पण शहरावर रात्री बॉम्ब टाकता येतो आणि टाकला तरी चालतो, ही कल्पना फसली नाही. ती पुढे विमानांकडे गेली. १३ जून १९१७ ला जर्मन गोथा विमानांनी दिवसाढवळ्या लंडनवर हल्ला केला. एका दिवसात १६२ माणसं. त्यातला एक बॉम्ब पॉप्लर भागातल्या प्राथमिक शाळेवर पडला. छपरातून, वरच्या मजल्यांतून तो थेट तळमजल्यावरच्या बालवर्गात आला. १८ मुलं मेली, बहुतेक चार ते सहा वर्षांची. ज्यांच्या हाताखाली पहिलीचा वर्ग आहे त्यांना मी आणखी काय सांगू?

श्ट्रासर शेवटपर्यंत थांबला नाही. ५ ऑगस्ट १९१८ ला तो स्वतः नव्याकोऱ्या, २११ मीटर लांबीच्या वायुनौकेत बसून इंग्लंडकडे निघाला. किनाऱ्याजवळ एका ब्रिटिश विमानाने ती पेटवली. बावीसही जण गेले. विमान चालवणारा होता एग्बर्ट कॅडबरी. हो, तेच चॉकलेटवाले कॅडबरी. त्याचं घराणं क्वेकर पंथाचं, म्हणजे शस्त्र हाती न घेणाऱ्यांचं. युद्धाने कुणाला कुठे नेऊन बसवलं बघा. आणि तारीख पुन्हा वाचा. एष्टरडिंगेनला लोकांनी पैसे काढून दिले तो दिवस ५ ऑगस्ट १९०८. बरोबर दहा वर्षं.

आता वर्गात हे कसं घ्यायचं? सगळं सांगत बसू नका, तासिका पुरणार नाही. मी एकच प्रसंग घेते. तो मुद्दाम शेवटी ठेवलाय.

३१ जानेवारी १९१६ च्या रात्री नऊ वायुनौका लिव्हरपूलला निघाल्या. एकही तिथे पोचली नाही. ढग आणि धुक्यात वाट चुकून त्यांनी मध्य इंग्लंडमधल्या गावांवर बॉम्ब टाकले, ७० माणसं मेली. परतताना एल-१९ या वायुनौकेची इंजिनं एकामागून एक बंद पडली. ती खाली येत येत डच बेटावरून गेली, तिथल्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या, आणि शेवटी ती उत्तर समुद्रात पडली. २ फेब्रुवारीच्या सकाळी ‘किंग स्टीफन’ नावाच्या इंग्लिश मासेमारी बोटीला ती दिसली. वरच्या भागावर सोळा माणसं उभी होती. त्यांच्या कप्तानाने इंग्रजीत विनवलं, आम्हाला घ्या, आम्ही काही करणार नाही. बोटीवर नऊ जण, हत्यार एकही नाही. बोटीच्या कप्तानाने विचार केला : हे सोळा, आम्ही नऊ. वर आले आणि बोटच ताब्यात घेतली तर? त्याने बोट वळवली आणि निघून गेला. वाटेत भेटणाऱ्या नौदलाच्या जहाजाला सांगू, असं त्याने ठरवलं. समुद्र खवळला. सोळाही जण बुडाले. काही महिन्यांनी स्वीडनच्या किनाऱ्यावर एक बाटली सापडली, तिच्यात त्यांनी घरच्यांना लिहिलेली शेवटची पत्रं होती.

इंग्लंडमध्ये यावरून वाद पेटला. लंडनच्या बिशपने जाहीरपणे बोटीच्या कप्तानाची बाजू घेतली. जर्मनीत संतापाची लाट आली.

मी फळ्यावर दोन आकडे लिहिते, १६ आणि ९. आणि विचारते, तुम्ही कप्तान असता तर काय केलं असतं? पहिल्यांदा सगळे ‘सोडून दिलं असतं’ म्हणतात, कारण बॉम्ब टाकणारे वाईट. मग पत्रांची गोष्ट सांगितली की वर्ग फुटतो. एक मुलगी म्हणाली, ‘बाई, दोर टाकायचा आणि एकेकाचे हात बांधून वर घ्यायचं.’ दुसरा म्हणाला, ‘बांधायला कोण थांबणार आहे, समुद्र आहे तो.’ तिसऱ्याने विचारलं, ‘त्यांनी आदल्या रात्री कुणाला मारलं ते त्यांना तरी माहीत होतं का?’ मी मध्ये पडत नाही. घंटा झाली तरी भांडण चालू राहतं, मधल्या सुट्टीत डबे उघडूनही चालू असतं.

‘किंग स्टीफन’ पुढे ब्रिटिश नौदलाने आपल्या कामाला घेतली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये जर्मनांनी ती बुडवली. पकडलेल्या खलाशांवर आरोप ठेवला गेला की एल-१९ च्या लोकांना सोडून जाणारे तुम्हीच. पण तोवर बोटीवर दुसरीच माणसं होती.